कोंबड्यानं मारलं

कोंबडा आरवला तेव्हा आई आवळीच्या बुंध्याला सुताचा पाचवा वेढा घालत होती आणि मी पळसाच्या पत्रावळी मांडत होते.

बाबांनी हात वर केला. वर्गात गलका झाला की करायचे, तसा.

"ऐका! रानकोंबडा. प्रमिला, तुझ्या कामाचं."

तो पुन्हा आरवला. मी शेवटपर्यंत ऐकलं.

"रानकोंबडा नाही, बाबा. घरचा आहे."

"इथं घर कुठं आहे बाप्पा? सगळ्यात जवळचं गाव चार मैलांवर."

"रानकोंबड्याची बांग शेवटी एकदम तुटते, कोणी गळा धरल्यासारखी. याचा शेवटचा सूर लांबला. हा पाळलेला आहे."

"पोरीचं शिक्षण फुकट नाही गेलं," बाबा आईला म्हणाले. "कोंबड्याची जात आवाजावरून सांगते."

तेवढ्यात उजवीकडून दुसरा आरवला. मग त्याच्या पलीकडून तिसरा. तीन वेगळे गळे. भर दुपारी, सागाच्या रानात, वस्ती नसलेल्या जागी तीन घरचे कोंबडे.

निमाच्या हातातला गडवा पडला. पाणी पत्रावळींवरून वाहत गेलं.

"ताई," ती म्हणाली, "तू पाहायला जाऊ नको."

"काहून?"

"अशीच. जेवायची वेळ झाली."

याला आता एकतीस वर्षं झाली. तेव्हा मी अठ्ठावीस वर्षांची होते. जिल्ह्याच्या गावी कॉलेजात प्राणिशास्त्राची प्रात्यक्षिकं घेत होते, म्हणजे आठवड्यातून चार दिवस मुलांना बेडूक आणि उंदीर उघडायला शिकवत होते. कार्तिकातल्या आवळीभोजनाला दरवर्षी घरी यायचे. बाबा शाळेतून निवृत्त झाले होते, पण बैलबंडी स्वतःच हाकायचे. निमा माझ्याहून सहा वर्षांनी लहान. तिचं लग्न होऊन दीड वर्ष झालं होतं. ती दसऱ्याला माहेरी आली होती आणि त्या दिवशी जेवणं आटोपली की चार वाजता तिचा नवरा हेमराज तिला मोटारसायकलवरून परत नेणार होता. तिची पिशवी आवळीच्या फांदीला अडकवून ठेवली होती.

झाड हेमराजनेच निवडलं होतं. आमच्या गावाजवळ आवळ्या काय कमी होत्या? पण जावई म्हणाला, माझ्या पाहण्यात तलावाकाठी एक मोठी आवळी आहे, तिकडंच जाऊ, मामाजी. जावयाचा शब्द. आम्ही सहा मैल बंडी हाकत आलो. आल्या आल्या तो म्हणाला, "एका माणसाला भेटून येतो. जेवायच्या आत हजर." त्याला तास होऊन गेला होता. जावई जेवल्याशिवाय कोणी घास घेणार नव्हतं.

निमाने त्या उन्हात मनगटापर्यंत बाहीचं पोलकं घातलं होतं. बाहीखाली काय आहे ते मला माहीत होतं. दसऱ्याला ती आली तेव्हा तिच्या डाव्या हाताला फडकं गुंडाळलेलं होतं आणि ते मीच बदललं होतं. कोपरापासून मनगटाकडे आलेली चीर, साडेचार इंच, सरळ. कडा एकसारख्या.

"कोंबड्यानं मारलं," ती म्हणाली होती.

कोंबड्याच्या पायाच्या काट्याने भोक पडतं, कातडी फाटते. अशी चीर पडत नाही. हे मला ठाऊक होतं. आणि तरी मी म्हणाले होते, "मोठा असेल गं कोंबडा." आई म्हणाली, हळद दाब. बाबा म्हणाले, त्यांच्या घरी पाचपन्नास कोंबड्या, लागायचंच. त्यावर कोणी काही विचारलं नाही.

त्याच्या महिनाभर आधी, भाद्रपदात, हेमराज एकटाच आमच्या घरी येऊन गेला होता. चहा पिता पिता हसत सांगत होता, "तुमची मुलगी एसटी स्टँडवर पिशवी घेऊन बसली होती, मामीजी. वाट चुकली म्हणे! एवढंसं गाव, त्यात वाट चुकली. शेवटी मीच आणली परत." बाबा खूप हसले होते. मीसुद्धा.

"मी त्यांना बोलावून आणते," मी म्हणाले. "आणि कोंबडेही बघते."

"ताई, नको."

"पाच मिनिटांत येते."

निमा खाली बसून ओल्या पत्रावळी पुसायला लागली.

बांगेच्या दिशेने मी सरळ आत गेले. तीनशे पावलांवर पहिला दिसला. सागाच्या रोपाला पायाने बांधलेला, गर्द लाल, मानेवर सोनेरी पिसं. लांबून कोणीही फसलं असतं. पण रानकोंबड्याचे पाय पाटीच्या रंगाचे असतात, याचे पिवळे होते. तुरा मुळापासून छाटलेला. चाळीस पावलांवर दुसरा, काळा. मग एक पांढरा. एकाला दुसरा दिसू नये असं दर दोघांमध्ये एखादं झुडूप सोडलेलं. मी अकरा मोजले.

"बाई, तुमी पोलिसाकडच्या त नाई ना जी?"

एक म्हातारा मोहाच्या मुळाशी फडकं पसरून बसला होता. उजव्या हाताला अंगठा नव्हता.

"नाही. मी कॉलेजात शिकवते. प्राणिशास्त्र."

"म्हंजे?"

"बेडूक कापते."

तो मोकळेपणाने हसला. "मंग आपलाच धंदा. बसा."

त्याचं नाव डोमा. त्याच्या फडक्यावर ओळीने छोट्या पात्या मांडलेल्या होत्या, बोटाएवढ्या, टोकाशी किंचित वाकलेल्या.

"हे काय?"

"काती. कोंबड्याच्या पायाले बांधतो. मी बांधली त सुटत नाई, मानूस मेला तरी सुटत नाई." त्याने झाडांपलीकडे हनुवटी दाखवली. तिकडून माणसांचा गलबला ऐकू येत होता. "आज मोठा कोंबडबाजार हाये, तीन तालुक्यांचा."

मी एक काती हातात घेतली. माझ्या स्काल्पेलपेक्षा धार चांगली होती.

आणि मला बरं वाटलं, हे आज लिहायला जड जातं. पायाला काती बांधलेला कोंबडा अंगावर आला तर चीर पडणारच. म्हणजे निमा खरं बोलली होती. हेमराज कोंबडे झुंजवतो, तिला हे सांगायची लाज वाटली असेल, एवढंच.

"हेमराजजी आलेत का इथं? लाल सदरा, मोटारसायकल."

"हेमराज? आता त्याचाच खेळ हाये. तो लाल कोंबडा आताच नेला ना त्यानं. पाहा, पन पुढं जाऊ नका. बाईमानूस दिसली त सारे बिथरते."

मी मोहाआडून पाहिलं. शंभरेक पुरुष गोल करून उभे. मध्ये हेमराज उकिडवा बसला होता, लाल कोंबड्याच्या पाठीवरून हात फिरवत, त्याच्या कानाशी काही पुटपुटत. निमाशी इतक्या हळुवारपणे बोलताना मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. समोरच्या माणसाने काळा सोडला. हेमराजने लाल सोडला.

दोन्ही पक्षी एकदम उडाले आणि हवेतच भिडले. आवाज पंखांचा होता, दुसरा काही नाही. खाली पडले तेव्हा काळ्याच्या मांडीतून रक्ताची बारीक धार लागली होती. पुन्हा उडाले. लालचा एक डोळा गेला. तिसऱ्यांदा काळ्याची काती लालच्या छातीत रुतून बसली आणि दोघे एकमेकांना अडकून धुळीत गरगर फिरले. माणसं ओरडत होती, "मार! मार! पोट फाड!" एकाने त्यांना ओढून वेगळं केलं, लालच्या तोंडावर पाण्याची चूळ मारली आणि पुन्हा समोरासमोर ठेवलं. काळ्याचं आतडं बाहेर लोंबत होतं, तरी तो पुढे आला.

लाल वळला. पाठ फिरवली आणि माणसांच्या पायांमधून पळाला.

हसण्याचा लोट उठला. "हेमराज, कोंबडी आणली का रे?" कोणी म्हणालं. "अंडे देते का?"

हेमराज हसला नाही, चिडलाही नाही. सावकाश गेला, पळालेला कोंबडा उचलला, मोहाकडे आणला, माझ्यापासून दहा पावलांवर. त्याची पाठ माझ्याकडे होती. त्याने पायाची काती सोडली. कोंबडा गुडघ्यात दाबला, डावा पंख ताणून धरला, आणि खांद्यापासून टोकापर्यंत कातीने एक रेघ ओढली. सरळ. एका दमात. पंख उघडला गेला. कोंबडा ओरडला, ती बांग नव्हती. मग त्याने तो जमिनीवर टाकला, काती डोमाच्या फडक्यावर फेकली आणि तलावाकडे हात धुवायला गेला. मी त्याला दिसले नाही.

पक्षी जिवंत होता. एका पंखाने स्वतःभोवती फिरत होता.

"हे काय केलं त्यांनी?" मी विचारलं.

"तो त्याचा कायदा हाये, बाई. बाकी कोनी असं नाई करत. हारला त जितनाऱ्याले देते, नाई त रस्सा करते. हा मारत नाई. पळाला त निशानी करते. म्हंते, एकडाव निशानी केली का पुन्हा पळत नाई." डोमा थुंकला. "मले नाई पटत."

मी त्या पक्ष्याजवळ बसले. झुंजीत त्याला सहा जखमा झाल्या होत्या. सगळ्या आखूड, खोल, जेमतेम इंचभर. कोंबडा टोचतो. लांब रेघ ओढायला माणसाचा हात लागतो.

सातवी जखम मोजायची गरज नव्हती. ती मी दसऱ्याला मोजली होती.

निमा वाट चुकली नव्हती. ती पळाली होती.

मी त्या कोंबड्याची मान मोडली. ते मला येत होतं. मग फडक्यावरची ती काती उचलून रुमालात गुंडाळली. डोमा बघत होता.

"बाई, ते कायले?"

"दाखवायला."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग मोहाच्या फांद्यांकडे पाहायला लागला. "माह्या नजरेले आता दिसत नाई," तो म्हणाला.

आवळीशी परत आले तेव्हा आईची पूजा आटोपली होती. मी बाबांसमोर पत्रावळीवर रुमाल उघडला. मग निमाजवळ गेले आणि तिची बाही वर केली. तिने हात आवळला, पण ओढून घेतला नाही.

"बाबा, बघा. ही काती. हा व्रण. कोंबड्याची जखम एवढी लांब होत नाही. मी आताच पाहून आले. हेमराजजी तिथं आहेत. त्यांचा कोंबडा पळाला म्हणून त्यांनी त्याला असंच चिरलं. असंच."

बाबा तलावाकडे बघत होते. पाण्यावर पाणकावळे होते, चार-पाच. ते मोजत असावेत.

"निमा," आई म्हणाली, "खरं का वो?"

निमा पत्रावळीवरच्या कातीकडे बघत होती.

"आज सणाचा दिवस आहे," बाबा म्हणाले. "जावई अजून जेवले नाहीत. हे आत्ता कायले काढलं?"

"बाबा, ती वाट चुकली नव्हती."

"जेवण होऊ दे. मग बोलू."

"चार वाजता ती जाणार आहे."

"बोलू म्हटलं ना!"

निमाने बाही खाली ओढली आणि बटण लावलं. मी काती गुंडाळून कमरेला खोचली. त्या वेळी ती माझ्यासाठी पुरावा होती. हे मला नक्की आठवतं.

हेमराज शीळ वाजवत आला. तोंड धुतलेलं, केस ओले, बाह्या दुमडलेल्या. कानामागे एक रक्ताचा ठिपका धुवायचा राहिला होता.

"सारे उपाशी? मामाजी, तुम्ही बसायचं होतं. काय मास्तरीणबाई, कोणता नवीन पक्षी सापडला?"

"कोंबडा," मी म्हणाले.

पत्रावळीशी बसता बसता तो थांबला. मग तो हसला. "जंगलात कोंबडा! वा."

आईने वाढलं. वडे, भात, वरण, वांग्याची भाजी. तो दोनदा भात घेऊन जेवला. आमच्यापैकी कोणी काही खाल्लं की नाही ते मला आठवत नाही. बाबा बोलले नाहीत. हेमराजने आंचवून सदऱ्याला हात पुसला.

"चल निमा. पिशवी घे."

निमा बसून राहिली.

"ऐकलं नाही का?"

"मी येत नाही."

इतकं हळू म्हणाली की त्याला खरंच ऐकू आलं नसावं. तो वाकला. "काय म्हणते?"

"मी येत नाही."

हेमराजने बाबांकडे पाहून मान हलवली. "पाहा मामाजी. ही पुन्हा वाट चुकून राहिली."

बाबा उठले. हात जोडल्यासारखे त्यांनी पुढे केले. "जावईबुवा, जरा बसा. आज राहू द्या तिला. आपण नीट..."

हेमराजने त्यांच्या छातीवर तळवा ठेवून ढकललं. बाबा चुलीच्या दगडांवर मागे पडले. डोकं आपटल्याचा आवाज झाला. वरणाचं गंज त्यांच्या पायावर कलंडलं. आई किंचाळून त्यांच्याकडे धावली. कानावरून रक्त त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यात उतरत होतं.

तोपर्यंत हेमराजने निमाची वेणी उजव्या हाताला दोनदा गुंडाळली होती. त्याने तिला उभं केलं. डाव्या हाताने एक थप्पड, मग दुसरी, मग पोटात गुडघा. ती वाकली, पण वेणीमुळे तिला वाकताही येईना.

"एक निशाणी पुरली नाही का? दुसरी पाहिजे? आता तोंडावर करतो. मग कोणत्या स्टँडवर बसते पाहू."

निमा ओरडली नाही. मला सगळ्यात जास्त ऐकू आलं ते हे. आई ओरडत होती, मी "सोडा, सोडा" म्हणत होते, बाबा कण्हत होते. तिच्या तोंडून एक आवाज नाही. मार खाताना गप्प राहायचं ती कुठेतरी शिकून आली होती.

तो तिला मोटारसायकलकडे ओढत माझ्यासमोरून चालला. वेणी धरलेली मूठ वर होती, मनगटाची आतली बाजू माझ्याकडे. कातडीखाली बोटं मिटणाऱ्या कंडरा ताणून उभ्या राहिल्या होत्या. प्रात्यक्षिकाच्या ताटात टाचण्या लावून ठेवल्यासारख्या.

मी रागाच्या भरात केलं, असं म्हणता आलं असतं. राग होता. पण कमरेची काती मी रुमालातून नीट सोडवून घेतली. दोन्ही कडांच्या धमन्या कुठे असतात ते मला माहीत होतं. मी त्या टाळल्या. पातं टेकवायचं, दाबायचं नाही, ओढायचं, असं मी मुलांना चार वर्षं सांगत होते. मी मधोमध एक रेघ ओढली.

मूठ आपोआप उघडली. वेणी सुटली.

हेमराजने हाताकडे पाहिलं. तो हात दुसऱ्या कोणाचा असावा, असं. मग रक्त आलं, मग त्याला दुखलं. त्याने डाव्या हाताने माझ्या तोंडावर ठोसा मारला. माझा पुढचा दात तेव्हा गेला, आज आहे तो खोटा. तो दुसऱ्यांदा अंगावर आला, पण उजव्या हाताने त्याला माझा पदर धरता येईना. तीन बोटं लोंबत राहिली. तो ती बोटं मिटायचा प्रयत्न करत होता, पुन्हा पुन्हा. मग गुडघ्यांवर बसला.

"झोपवा त्यांना," मी म्हणाले. तोंडात रक्त होतं, शब्द नीट येत नव्हते. "हात वर धरा."

आईने काही न विचारता पूजेच्या सुताचा गुंडा माझ्यापुढे केला. मी पदराची घडी जखमेवर दाबून वरून सूत आवळलं. आईने जमिनीवरची काती उचलली, तलावापर्यंत चालत गेली आणि फेकली. परत येऊन बाबांच्या डोक्याला स्वतःचं लुगडं फाडून बांधलं.

दवाखाना सहा मैल. डोक्याला पट्टी बांधलेले बाबा बंडी हाकत होते. हेमराज मधे आडवा, मी त्याचा हात वर धरून. निमा त्याच्या पायाशी बसली होती.

"मी सोडत नाही," तो म्हणाला. "सारं सांगतो. जेलात टाकतो तुम्हाला, मास्तरीणबाई."

"सांगा. आता बोलू नका, रक्त जास्त जातं."

मला खरंच वाटत होतं की तो सांगेल. मी नोकरी जाणार हे धरून चालले होते. त्याहून वाईट हे होतं की मग निमाच्या हातावरच्या व्रणाबद्दल कोण विचारणार? जावयावर पातं चालवणाऱ्या घरची मुलगी. समजूत घालून तिला परत पाठवायला चार माणसं संध्याकाळपर्यंत जमली असती आणि बाबा त्यांना नाही म्हणाले नसते. दोन तास बाबांनी बंडी हाकली. मला त्यांची फक्त पाठ दिसत होती.

ती तीन बोटं पुढे कधी नीट मिटली नाहीत. निमा परत गेली नाही. आज ती शिवणाचे क्लास घेते आणि बारा महिने अर्ध्या बाहीचं पोलकं घालते. हे आधीच सांगून टाकते, कारण ते सगळं दवाखान्यातल्या दोन मिनिटांत ठरलं.

डॉक्टर तरुण होते, नुकतेच बदलून आलेले. त्यांनी जखम धुतली, हेमराजला बोटं हलवायला सांगितली, मान हलवली. "जिल्ह्याला न्यावं लागेल." मग रजिस्टर ओढलं. "कशानं झालं?"

हेमराजने तोंड उघडलं. माझ्याकडे पाहिलं. दाराशी कंपाउंडर उभा होता, हेमराजच्याच गावचा. मागे खिडकीत दोन-तीन पुरुष डोकावत होते. बायकोच्या बहिणीनं कापलं. एवढं एक वाक्य त्याला म्हणायचं होतं. बाजारात ते हसणं ऐकून त्याला चार तास झाले होते. त्याचं तोंड मिटलं, पुन्हा उघडलं.

"कोंबड्यानं मारलं," निमा म्हणाली.

डॉक्टरांचं पेन थांबलं. "कोंबड्यानं? इतकी सरळ जखम?"

मग बाबा भिंतीला धरून उठले. छत्तीस वर्षं त्यांनी मुलांकडून 'नेहमी खरे बोलावे' पाटीवर गिरवून घेतलं होतं.

"मी पाहिलं, डॉक्टरसाहेब. या डोळ्यांनी. लाल होता. पायाला काती होती."

"आणि तुमचं डोकं? या बाईंचा दात?"

"धरायला गेलो," बाबा म्हणाले. "आवरेना."

डॉक्टरांनी हेमराजकडे पाहिलं. हेमराजने भिंतीकडे तोंड केलं. डॉक्टरांनी निमाकडे पाहिलं. तिच्या गालावर चार बोटं उमटलेली होती. ती टेबलापाशी आली, डाव्या बाहीचं बटण काढलं आणि बाही कोपरापर्यंत सारली. तिने तो हात हेमराजच्या हाताशेजारी टेबलावर ठेवला.

डॉक्टरांनी वाकून दोन्ही हात पाहिले.

"हेही त्यानंच?"

"हो जी. तोच कोंबडा."

त्यांनी रजिस्टरमध्ये एक ओळ लिहिली. मग मान वर न करता विचारलं, "आता कुठं आहे तो? आणखी कोणाला मारायचा."

निमाने बाही खाली केली नाही.

"नाही," ती म्हणाली. "आता नाही मारणार."